नामुबिरूआत्या बोलायला उभी राहते

नामुबिरूच्या तोंडाला लगाम नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बायकांच्या मंडळाने तर तिच्यासाठी वेगळा नियमच केला होता: स्वयंपाक चालू असताना नामुबिरूने पाहुण्यांबद्दल बोलायचं ते दबक्या आवाजात. मंडळाचं नाव 'अडीनडीची मैत्रीण'. कुणाकडे लग्न असो की मयत, या सोळाजणी आपली पातेली, ताटं, चटया घेऊन हजर. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी जांभळी गोमेसी, म्हणजे पायघोळ पोशाख, खांद्यांना टोकं काढलेला, कमरेला रुंद पिवळा पट्टा. गोमेसी नसेल तर पातेल्याला हात लावायचा नाही. मंडळाची अध्यक्ष नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, याबाबतीत सख्ख्या बहिणीचंही ऐकायची नाही. खरं सांगायचं तर या बायका रांगेनं रस्त्याला लागल्या की मोटरसायकलवाले गाडी बाजूला घेत. एरवी हेच लोक त्यांच्या अंगावर चिखल उडवून जायचे.

तर त्या शनिवारी नामुबिरूच्या भाचीची, रेस्टीची, मागणी होती. थोरल्या भावाने, एरिसाने, अंगणभर मांडव घातला होता. मागणी म्हणजे आमच्याकडे शब्दांची कुस्ती. मुलाकडचा एकजण बोलतो, मुलीकडचा एकजण बोलतो, दोघे एकमेकांना यथेच्छ चिमटे काढतात आणि मगच मुलगी बाहेर येते. एरिसाने मसाका शहरातून मोठा नावाजलेला बोलणारा ठरवला होता. पाहुणे उशिराने का होईना, फाटकापाशी येऊन उभे राहिले आणि त्याच वेळी त्या नावाजलेल्याचा फोन आला, की तो सहा गावं पलीकडे दुसऱ्याच मागणीत अडकलाय. एकाच दिवसाच्या दोन सुपाऱ्या घेतल्या होत्या पठ्ठ्याने.

बोलणारा नसेल तर पाहुण्यांना आत घेता येत नाही, आणि फाटकातून परत गेलेली मागणी लोक जन्मभर विसरत नाहीत. तेवढ्यात नामुबिरू केळ्यांच्या सालींच्या ढिगातून उठली, गोमेसी झटकली आणि भावापाशी गेली. मी बोलते म्हणाली. तिचं काय चुकलं? अकरा वर्षं चुलीमागे बसून तिने आसपासची एकूण एक मागणी ऐकली होती. कुठे अडवायचं, कुठे सोडायचं, सगळं तोंडपाठ.

"बोलणारा कान्झू घालतो," एरिसा म्हणाला. कान्झू म्हणजे पुरुषांचा पांढरा झगा, आणि एरिसाचा तर इस्त्रीने कडक झालेला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. "आणि तुला मागायला कोण आलं होतं गं? तू माझी मुलगी देणार?"

हे मात्र वर्मी लागलं. एकतीस वर्षांपूर्वी नामुबिरू नवऱ्याच्या, लुब्वामाच्या, घरी गेली ती तशीच, मागणीशिवाय. मागणीच्या भेटींच्या टोपल्या घेऊन येतो, येतो म्हणत त्या बाबाचा वायदा प्रत्येक पिकाला पुढच्या पिकावर गेला. माणूस तसा गरीब, आळशीपणाही बेताचा, पण आला नाही तो नाहीच. म्हणून भावाच्या घरी पुढच्या चटईवर तिला कधी जागा नव्हती. तिची जागा चुलीपाशी. ती परत येऊन बसली आणि सुरी हातात घेतली. डोळ्यांतलं पाणी धुरामुळे आलं असं कुणी म्हणालं असतं, तर ती हो म्हणाली असती.

नालोंगोने सगळं ऐकलं होतं. ती शांतपणे भांड्यांसमोरच्या चटईवर बसली, तिच्यापाठोपाठ बाकीच्या बसल्या, आणि सगळ्याजणी आपापले पिवळे पट्टे नीटनेटके करू लागल्या.

"कान्झूवाल्यांनी बोलायचं, तर वाढायचंही कान्झूवाल्यांनीच," नालोंगो म्हणाली.

दोनशे माणसांचं जेवण केळीच्या पानांत वाफाळत होतं. एरिसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला घेतला नव्हता. त्याने पातेल्यांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग बहिणीला म्हणाला, बोल, पण थोडक्यात. थोडक्यात, आणि नामुबिरूला!

नामुबिरू सहा मीटर कापड सावरत उभी राहिली. उशिरा आल्याबद्दल तिने पाहुण्यांना आधी गाणं म्हणायला लावलं. मुलाच्या काकांनी चर्चमधलं एक भजन अशा सुरात म्हटलं की मांडवातलं पोर रडायला लागलं. मुलाकडून बोलणारा सेम्पिज्जा, कान्झूवर कडक कोट, चकचकीत बूट. आम्ही हरवलेली कोंबडी शोधत आलोय, असं त्याने ठरल्याप्रमाणे, मुलीलाच कोंबडी म्हणत, सुरू केलं. कोंबडी शोधायला बूट चमकवून कोण येतं, असं नामुबिरूने विचारलं. कोंबडीचा रंग विचारला, खोड्या विचारल्या, ती सापडली तर चूल कोण पेटवणार तेही विचारलं. सेम्पिज्जाच्या कपाळावर घाम आला. लोक पोट धरून हसत होते.

मग सेम्पिज्जाने, काही ठाऊक नसताना, उगीच गमतीत विचारलं, "आत्याबाई, तुम्ही एवढं अडवताय, तुम्हाला मागायला आले तेव्हा काय काय आणलं होतं?"

एरिसा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. नामुबिरूच्या जिभेवर एक सोडून तीन थट्टा तयार होत्या, पण तिला त्यातली एकही बोलावीशी वाटली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "मला मागायला कुणी आलंच नाही. गाठोडं घेऊन मीच चालत गेले. म्हणून आज मला घाई नाही. माझ्या भाचीला मागताना एक शब्दही कमी पडलेला मला चालणार नाही."

चुलीकडून बायकांनी अशी ललकारी दिली की झाडावरचे कावळे उडाले. एरिसा उठला, घसा खाकरला आणि आमच्याकडून हीच बोलेल, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून लुब्वामा उठला. उसना कान्झू, पोटऱ्यांपर्यंत आखूड. "मी आलोय," तो चाचरत म्हणाला, "मागायला."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. नामुबिरू हसली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कमरेचा पट्टा घट्ट केला.

"अहो, बसा खाली. आज रेस्टीचा दिवस आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात या, टोपल्या घेऊन. आणि बोलणारा चांगला बघून आणा, कारण माझ्याकडून मीच बोलणार आहे."