बुटांच्या खोक्यांतले पंचवीस प्रांत

सून घरात येऊन चार महिने झाले होते, पण मास्तरीणबाईंनी तिला खऱ्या अर्थाने पाहिलं ते एका मंगळवारी सकाळी, टपाल कचेरीच्या जाळीच्या दारातून.

त्या दिवशी सून चष्मा घरीच विसरून तिथे कामावर गेली होती. विसरणं तिच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. चहाची गाळणी कपड्यांच्या कपाटात सापडायची, कपाटाची किल्ली गाळणीच्या खिळ्याला. "हिच्या हाती घर सोपवलं तर एक दिवस घरच सापडायचं नाही," असं मास्तरीणबाई मुलाला म्हणायच्या. मुलगा बुटांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून त्यांचं ऐकून घ्यायची सवय, त्यामुळे तो आईचंही ऐकून घ्यायचा आणि "बघू" म्हणायचा. मास्तरीणबाई चौतीस वर्षं भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हाताशी वेळच वेळ होता, म्हणून चष्मा घेऊन त्या स्वतःच निघाल्या.

जाळीपलीकडे लांबलचक दालन होतं. भिंतीलगत लाकडी सांगाडे उभे होते, प्रत्येकात पाच ओळी, ओळीत पाच खण. प्रत्येक सांगाड्यासमोर उंच स्टुलावर एक सॉर्टर, पत्रांची वर्गवारी करणारा. सून खिडकीजवळ होती. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, अंगठ्याने वरचं पत्र पुढे सरकवायचं, उजव्या हाताने उचलून खणात टाकायचं. चष्मा नव्हता म्हणून प्रत्येक पत्र ती नाकापाशी नेत होती. पण खणांकडे मात्र ढुंकूनही बघत नव्हती. एक पत्र खणात पडेपर्यंत तिचे डोळे पुढच्या पत्त्यावर गेलेले असायचे. हात आपला आपण जायचा, वर, खाली, डावीकडे, आणि एकदाही अडखळायचा नाही.

मास्तरीणबाईंनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. मिनिटाला अडतीस.

"कोण पाहिजे?" दारावरच्या शिपायाने विचारलं.

"ती खिडकीजवळची आहे ना, ती माझी सून," त्या म्हणाल्या. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला आवाज पहिल्या नंबरच्या मुलीबद्दल बोलताना व्हायचा तसा झाला आहे.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला. "त्या खणांवर काय लिहिलेलं असतं गं?"

"प्रांतांची दोन-दोन अक्षरं. पत्त्यात प्रांताचं पूर्ण नाव लिहायचं नाही, दोन अक्षरं लिहायची, असा खात्याचा नियम आहे. चोवीस प्रांत, चोवीस खण."

"आणि ज्याने अक्षरंच लिहिली नाहीत?"

"तो निदान राजधानीचं नाव लिहितो. मग राजधानीवरून प्रांत ओळखायचा."

मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. चोवीसच्या चोवीस राजधान्या तिने कांदा चिरता चिरता सांगितल्या, कुठूनही विचारलं तरी. शेवटी मास्तरीणबाईंनी विचारलं, "पाठ कशा केल्यास?"

सून जरा लाजली. "हसणार नसाल तर सांगते. मी त्यांना नाती लावलीत. सगळ्यात मोठा प्रांत आहे ना, सगळ्यात जास्त टपाल त्याचंच, आणि तरी तक्रार की आमचं उशिरा येतं. त्या थोरल्या जाऊबाई. त्यांची गाडी पहाटेची, म्हणून त्यांचा खण अगदी उजव्या हाताखाली. ज्यांना दोन राजधान्या आहेत, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची, त्या आत्याबाई. चार महिने इकडे, आठ महिने तिकडे, आणि दोन्हीकडे कुरकूर."

"मिठागरांचा प्रांत?"

"ते काका. बोलतात कमी, पण पाकिटं वजनदार."

मुलगा हसून म्हणाला, "आणि माझी आई कुठे बसवलीस?"

तवा उतरवायच्या निमित्ताने सुनेने पाठ फिरवली. मास्तरीणबाईंनी वर्गात बघायच्या तसं तिच्या पाठीकडे रोखून बघितलं.

"मधोमध एक खण आहे," सून अखेर म्हणाली. "त्याच्यावर अक्षर नाही. ज्यांनी नुसतं गावाचं नाव लिहिलंय, ना प्रांत, ना राजधानी, ती पत्रं त्यात टाकतात आणि मग कुणाला तरी विचारतात. त्या खणाला मी सासूबाई म्हणते."

"म्हणजे कुठलाच प्रांत नाही मला," मास्तरीणबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या डब्याच्या झाकणात एक चिठ्ठी येऊ लागली. चिठ्ठीवर नुसती गावांची नावं, चार किंवा पाच. मास्तरीणबाई नकाशांची जुनी वही काढून बसायच्या आणि प्रत्येक नावापुढे प्रांताची दोन अक्षरं लिहायच्या. सकाळी चिठ्ठी डब्यातून परत जायची. एका नावाची चार गावं असली तर चारही लिहायच्या आणि खाली टीप द्यायच्या. असं अकरा वर्षं चाललं.

अकराव्या वर्षी पठाराच्या प्रांताची वाटणी झाली. उत्तरेचा 'पउ' झाला, दक्षिणेचा 'पद'. दक्षिणेची नवी राजधानी अजून बांधायची होती, म्हणून ती उभी राहीपर्यंत जुनी राजधानी दोघांनी मिळून वापरायची ठरली.

"भांडून वेगळे झाले आणि चूल एकच ठेवली," मुलगा म्हणाला.

मास्तरीणबाईंना हे अजिबात पटलं नाही. "एका प्रांताला एक राजधानी. जास्तीत जास्त दोन. पण एका राजधानीला दोन प्रांत, हे मी कुठल्या तोंडाने शिकवलं असतं?"

सुनेला मात्र काळजी वेगळीच होती. प्रांत आता पंचवीस झाले होते आणि खणही पंचवीसच. म्हणजे मधला बिनअक्षराचा खण गेला. शिवाय वरून हुकूम आला की गाड्यांच्या वेळांप्रमाणे लावलेले खण मोडा, सगळ्या कचेऱ्यांत एकच क्रम ठेवा, वर्णानुक्रम. महिन्याभराने सगळ्या सॉर्टरची परीक्षा. दहा मिनिटांत दोनशे कार्डं, चुका जास्तीत जास्त तीन. नापास होईल त्याने तळघरात, गोण्या उचलायला.

"एवढंच ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "वर्णानुक्रम तर पहिलीतली पोरं लावतात."

"पोरांना जुना क्रम विसरायचा नसतो, आई," सून म्हणाली. त्या दिवशी तिने नव्या सांगाड्यावर काम केलं होतं. मिनिटाला बारा पत्रं, आणि त्यातली दोन चुकीच्या खणात. थोरल्या जाऊबाई आता सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात गेल्या होत्या. "दिवसातून हजार वेळा वाकून पाया पडते त्यांच्या." विनोद केला, पण जेवली नाही. तिच्या बरोबरीच्या तिघींनी आधीच बदलीचे अर्ज लिहून ठेवले होते. तिने लिहिला नव्हता. "मला दुसरं काही येतच नाही," ती म्हणाली. "घरात तर तुम्ही बघताच."

मुलाने दुकानातून बुटांची रिकामी खोकी आणली. रोज चार-पाच, काखेत मारून. आठवड्याभरात पंचवीस झाली. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावून त्यावर त्याने ती पाच-पाचच्या ओळींत चिकटवली, आणि मास्तरीणबाईंनी प्रत्येकावर दोन अक्षरं रंगवली. खोलीला नव्या चामड्याचा वास येऊ लागला. "पाऊल ठेवायला जागा नाही," मुलगा म्हणाला, "पण अख्खा देश मावला."

मास्तरीणबाईंनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून दोनशे कार्डं केली आणि पत्ते लिहिले. सुनेने ती झरझर टाकली. मग म्हणाली, "आई, राग मानू नका. तुमचं अक्षर फार चांगलं आहे. असं सुवाच्य टपाल कुणी पाठवत नाही."

चौतीस वर्षं ज्यांनी मुलांच्या वेलांट्या सुधारल्या, त्या मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने लिहायला बसल्या. शंभर कार्डं लिहून झाल्यावर त्यांनी मुलाला दाखवली. "वाचता येतंय?" तो म्हणाला, "नाही." "मग जमलं," त्या म्हणाल्या.

पण खरा अडसर वेगळाच होता, आणि तो त्यांनीच घातला होता. त्यांनी सुनेला पंचवीस जोड्या क्रमाने म्हणायला लावल्या, अक्षरं आणि राजधानी, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. आठ दिवसांत तिला घडाघडा येऊ लागलं. आणि वेग बारावरून दहावर आला.

मास्तरीणबाईंनी स्टूल जवळ ओढलं आणि तिच्या हातांऐवजी तोंडाकडे बघितलं. कार्ड हातात आलं की सुनेचे ओठ हलत होते. सतरावा प्रांत आला की ती पहिल्यापासून सतराव्यापर्यंत मनात म्हणत जात होती आणि मग हात उचलत होती. असे ओठ मास्तरीणबाईंनी हजारो पाहिले होते. फळ्यापुढे उभी राहिलेली, राजधानी विचारली की डोळे मिटून सुरुवातीपासून पुटपुटणारी मुलं. त्यांना त्या हुशार म्हणत आल्या होत्या. ओठ हलतात म्हणजे उत्तर आलेलं नसतं, पोर उत्तराकडे पायी निघालेलं असतं, हे त्यांना बुटांच्या खोक्यांसमोर बसल्यावर कळलं.

"म्हणणं बंद कर," त्या म्हणाल्या.

"पण आई, आता कुठे पाठ..."

"विसर. विसरणं तुला चांगलं जमतं." मग खोक्यांकडे बोट करून म्हणाल्या, "थोरल्या जाऊबाई खालच्या मजल्यावर राहायला गेल्या, बरोबर? त्यांच्या शेजारी कोण आलं?"

सुनेने खोक्याकडे बघितलं. "तळ्यांचा प्रांत. धाकटी नणंद."

"अरे देवा. दोघींचं पटतं का?"

"कसलं पटतंय. हिच्या तळ्यांची ओल त्यांच्या भिंतीला."

"आणि आत्याबाई?"

"वरच्या ओळीत, पहिल्याच खणात. वरून सगळ्यांवर नजर."

"शोभतं त्यांना."

अशी दोन आठवडे रोज संध्याकाळी त्या दोघींनी पंचवीस प्रांतांची उखाळीपाखाळी काढली. कोण कुणाच्या डोक्यावर राहतो, कोण कुणाच्या दारात केर टाकतो, काकांच्या मिठाने खालच्यांचा पंप कसा गंजला. मास्तरीणबाईंनी जन्मात कुणाच्या घरच्या गोष्टी केल्या नव्हत्या. आता त्या मन लावून करत होत्या. बोलता बोलता सून कार्डं टाकत राहायची. दहाचे वीस झाले, विसाचे एकतीस. एके दिवशी मास्तरीणबाईंनी मुद्दाम काकांच्या पंपावरून वाद घातला. सून मान वळवून तावातावाने भांडत राहिली आणि हात खोक्यांतून फिरत राहिला. ओठ हलत होते, पण भांडणासाठी.

परीक्षेच्या दिवशी मास्तरीणबाई जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिपाई आता म्हातारा झाला होता. त्याने न विचारता स्टूल दिलं.

सुनेने तिसऱ्या मिनिटाला वेग धरला तेव्हा शेजारच्या सांगाड्यावरची बाई थांबून बघू लागली. दहा मिनिटं संपायला थोडा अवकाश असताना सुनेने हात खाली घेतला. पण तिच्या डाव्या हातात तीन कार्डं तशीच होती.

निरीक्षक आले. "ही राहिली."

"राहिली नाहीत, साहेब. ठेवलीत. तिन्हींवर नुसती पठाराची राजधानी लिहिलीय, अक्षरं नाहीत. ती आता दोन घरांची आहे. कुठल्या घरात टाकू?"

"इतरांनी टाकलीच ना कुठेतरी."

"टाकली असतील. पत्र आहे साहेब, टाकायचं म्हणून कसं टाकायचं? विचारावं लागेल."

निरीक्षकांनी उत्तरांचा कागद बघितला. कागदावर ती तिन्ही 'पउ'मध्ये होती. त्यांनी तो दोनदा वाचला आणि नियमाप्रमाणे तीन चुका लिहिल्या. बाकीची एकशे सत्त्याण्णव मोजली; एकही चूक निघाली नाही. तीन चुका चालत होत्या. ती उत्तीर्ण झाली, अगदी काठावर, आणि काठ तिने स्वतः निवडला होता.

घरी येताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "तीन 'पउ'त टाकली असतीस, तर आणखी एक चुकलं असतं तरी काळजी नव्हती. ही तीन हातात ठेवलीस, मग एक जरी चुकलं असतं तर तळघर होतं. माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

"मग?"

"तुमचा खण काढला त्यांनी, आई. मग हातातच धरावी लागली."

रस्ता ओलांडताना मास्तरीणबाईंनी सुनेचा दंड धरला, तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

पंधरा दिवसांनी निरीक्षकांचं पत्र आलं: दोन घरांच्या राजधानीचं आणि ओळख न पटणारं टपाल वेगळं ठेवावं. सुताराने प्रत्येक सांगाड्याच्या उजव्या बाजूला सव्विसावा खण ठोकला, वर अक्षर न लिहिता. दक्षिणेची राजधानी अजून बांधून झालेली नाही, त्यामुळे तो रोज भरतो.

बुटांची खोकी आता माळ्यावर आहेत. मास्तरीणबाईंची नजर अधू झाली आहे. चिठ्ठीवरची गावं मुलगा मोठ्याने वाचतो आणि त्या प्रांत सांगतात. सून अजून सकाळच्या पाळीला असते, खिडकीजवळच्या सांगाड्यावर, आणि आठवड्यातून एकदा तरी चष्मा घरी विसरते.