दगड ढकलणारा देवराम

शेणवे गावच्या देवरामचं सोंग पाहायला मुरबाडकडची माणसंही गाड्या जुंपून येत. गावच्या कमळाकर मास्तरांनी कुठंतरी एका ग्रीक राजाची गोष्ट वाचली होती. देवांनी त्याला शिक्षा केली: दगड डोंगरावर चढवायचा, माथ्याशी आला की तो गडगडणार, पुन्हा चढवायचा, कायमचं. मास्तरांनी त्याचं हसवणारं नाटक रचलं. राजा झाला देवराम. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट शिवलेल्या त्या दगडाशी तो जावयाशी बोलावं तसं अदबीनं बोलायचा, रुसायचा, पाया पडायचा. लोक हसून लोळायचे.

घरी मूल टिकत नव्हतं. बायको बाईजाची दोन मुलं तापानं गेली होती. तिसरा मुलगा सन त्रेचाळीसच्या पावसाळ्यात गेला, नुकता बसायला लागला होता.

त्या माघात जत्रेला नाटक ठरलं. देवराम नको म्हणत होता, पण मास्तरांनी गळ घातली. लढाईमुळे रॉकेल मिळेना, म्हणून खेळ दुपारीच लावला. बाईजानं नाटक कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती बायकांत येऊन बसली.

दगड पहिल्यांदा गडगडला तेव्हा तीही हसली. पुन्हा गडगडला तेव्हा तिचं हसू विरलं, तिनं पदर तोंडात धरला. देवरामला ती दिसली आणि तो बोलणंच विसरला. मास्तर पडद्याआडून वाक्य सांगत राहिले. देवराम दगडाशेजारी बसून म्हणाला, "राहू दे आता. नाय चढत."

लोकांना तो नवा विनोद वाटला. मांडव हसण्यानं दणाणला. दुसरं काय करावं ते न सुचून तो उठला आणि ढकलू लागला.

बाईजा मधूनच उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोळखांबच्या पाड्यावर माहेरी निघून गेली. देवरामनं नाटक सोडलं. तो तिला आणायला गेला तेव्हा ती बाहेरच आली नाही. महिन्यानं परत गेला तेव्हा दारात आली.

"मी नाय येत," ती म्हणाली. "परत पोर होईल, परत जाईल. आता माझ्यानं नाय व्हायचं."

"न्यायला नाय आलो," देवराम म्हणाला. "माझ्यानंच तिथं राहवत नाय."

ती आत गेली. बऱ्याच वेळानं नाचणीची भाकर आणून तिनं त्याच्यापुढं ठेवली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. देवराम तिथंच राहिला, सासऱ्याच्या शेतात राबला. त्यांना पुढं मूल झालं नाही.