सासूबाई तळं आणायला निघाल्या

आमच्या सासूबाईंना घरात कुणी 'नाही' म्हणत नाही. म्हणायला बंदी नाही, पण म्हणून काही उपयोग होत नाही, हे लग्न होऊन आले त्याच वर्षी मला कळलं. त्या फोटोग्राफर. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून आमचा स्टुडिओ आहे, आणि गावातल्या निम्म्या माणसांची हनुवटी आईंनी कधी ना कधी दोन बोटांनी वर केलेली आहे. भाजीवाला असो की न्यायाधीश, सगळ्यांना त्या एकाच सुरात सांगतात, "खांदे सोडा. युद्धावर नाही चाललात."

स्टुडिओत एक पडदा होता. निळं तळं, मागे बर्फाचा डोंगर आणि पाण्यात दोन हंस. रंगवणाऱ्याने हंस कधी पाहिले नसावेत, कारण त्यांच्या माना थेट नळाच्या पाइपसारख्या होत्या. तरी गावाला तोच पडदा लागायचा. लग्न ठरलं, मूल झालं, कुणी परदेशी निघालं, की मंडळी तळ्यापुढे हजर. मग एका सकाळी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि आमच्या तळ्यात पहिल्यांदाच खरं पाणी आलं. डोंगर ओघळून हंसांच्या अंगावर बसला. पडदा कामातून गेला.

काकांनी तिथेच विषय काढला. काका म्हणजे माझे चुलत सासरे. सासरे गेल्यापासून स्टुडिओचा निम्मा वाटा त्यांचा. बाहेर फोटो काढायच्या आई, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचे काका, अशी यांची जन्मभराची वाटणी. त्या खोलीत इतकी वर्षं राहून माणसाला कशाचीही उजळ बाजू दिसेनाशी होते की काय, कोण जाणे.

"वहिनी, आता पुरे झालं," ते म्हणाले. "लोक खिशातून फोन काढतात आणि फोटो घेतात. तो मोबाइलवाला दुकानासाठी जागा मागतोय. देऊन टाकू आणि बसू निवांत."

"मला निवांत बसता येत नाही. मी नवा पडदा आणते."

"मग कॅटलॉगमधून मागवू. हवं ते तळं मिळतं."

"भलत्याच कुणाच्या तळ्यापुढे मी माझी माणसं उभी करू? मी स्वतः जाऊन खऱ्या तळ्याचा फोटो काढते, तो कापडावर छापून घेऊ. आणि नाही जमलं ना भाऊजी, तर द्या जागा मोबाइलवाल्याला. मी हूं की चूं करणार नाही."

स्टुडिओ गेला तर ही बाई घरी बसून करणार काय? आमच्याच हनुवट्या वर करत फिरेल. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त भीती वेगळीच होती. स्टुडिओशिवायच्या आई मला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हत्या.

मुलाला रजा नाही आणि सुनेला कामं ती काय असतात, असा विचार होऊन सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. बस जिथे संपते तिथून तळ्यापर्यंत दीड दिवस चालत वर जायचं होतं. तंबू, स्टोव्ह, पांघरुणं, खायचं सामान माझ्या पाठीवर. आईंच्या पाठीवर एक लहान पिशवी, हातात ट्रायपॉड आणि गळ्यात त्यांचा तो जुना, विटेएवढा जड कॅमेरा. पडद्याएवढं मोठं करायचं तर फिल्मही मोठी हवी, असं त्यांचं म्हणणं. मी कॅमेरा घ्यायला हात पुढे केला की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जशी मी त्यांची किडनीच मागतेय.

पहिला दिवस झाडीतून गेला. दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि दगडांचा एक न संपणारा चढ सुरू झाला. माझ्या नाकी नऊ आले. आई मात्र एका लयीत चालत होत्या, न थांबता आणि न बोलता. हे न बोलणं मला चढापेक्षा अवघड गेलं. मागून पाचसहा तरुणांचा एक घोळका आला, त्यांतला एक जण काळजीने म्हणाला, "आजी, वाट चुकलात का?"

"वाट बरोबर आहे," आई म्हणाल्या. "तुझ्या पिशवीचा पट्टा पिळलाय तेवढा सरळ कर, खांदा दुखेल." त्याने मुकाट्याने केला.

तळं दिसलं तेव्हा मी पिशवीसकट खाली बसले. इतकं मोठं, इतकं एकटं पाणी मी पाहिलं नव्हतं. तिन्ही बाजूंनी डोंगर, घळींमध्ये उरलेलं बर्फ, आणि माणसाच्या हातचं म्हणावं असं काही नाही. मला रडूच आलं, का ते विचारू नका. आईंनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली. वारा सुटला होता, पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. "मूड नाही त्याचा." गिऱ्हाइकाची किरकिरी पोरं त्या अशीच बाहेर चक्कर मारायला पाठवतात.

पहाटे त्यांनी मला गदागदा हलवून उठवलं. वारा पडला होता. पाणी इतकं स्थिर की डोंगर कुठे संपतो आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते कळेना. उजेड अजून मंद होता. आईंनी काठावरच्या गवताच्या एका तुकड्यासमोर ट्रायपॉड लावला आणि बोट दाखवलं.

"तिथं उभी राहा."

"मी? अहो आई, माझा अवतार बघा!"

"तुझा फोटो कोण काढतंय? जागा बघायचीय. गिऱ्हाईक उभं राहील तिथं तू उभी राहा, म्हणजे डोंगर कुणाच्या डोक्यातून उगवायला नको."

मी पांघरूण गुंडाळून उभी राहिले. त्यांनी मला अर्धं पाऊल डावीकडे घेतलं, माझ्या गालापाशी मीटर धरून उजेड मोजला, कॅमेऱ्यात डोकावून भिंगाची कडी फिरवली. मग, "हो बाजूला," म्हणाल्या आणि खटका दाबला. पुन्हा उभी राहा, पुन्हा हो बाजूला. असे दोन रोल संपले. तेवढ्यात ऊन आलं, वारा आला आणि तळं विस्कटलं.

"झालं काम," आई म्हणाल्या. "चहा टाक."

उतरताना त्या सगळी वाट बोलत होत्या. पडदा कुठे टांगायचा, दिवे कसे हलवायचे, पहिला फोटो कुणाचा. इतक्या खुशीत मी त्यांना फार क्वचित पाहिलंय.

घरी आल्यावर काकांनी फिल्म धुतली, वाळवली आणि दिव्याच्या काचेवर पसरली. आम्ही दोघी शेजारी उभ्या. काका भिंग लावून बराच वेळ एकेक फोटो बघत राहिले. मग त्यांनी भिंग आईंच्या हातात दिलं.

तळं धूसर होतं. दोन्ही रोलांमध्ये, झाडून सगळ्या फोटोंत. डोंगर डोंगरासारखा, पाणी पाण्यासारखं, पण सगळं मऊ, कडा नसलेलं. स्पष्ट होता तो फक्त जवळचा गवताचा तुकडा. मी जिथे उभी होते तो. त्यातलं पातं न् पातं मोजून घ्यावं.

"मी तुझ्या चेहऱ्यावर फोकस केला," आई हळूच म्हणाल्या. "तू बाजूला झालीस, मी तळ्यासाठी कडी परत फिरवलीच नाही. एकदाही नाही." सगळं आयुष्य त्यांनी समोरच्या माणसाचे डोळे स्पष्ट येतील एवढंच पाहिलं होतं. माणूस निघून गेल्यावरसुद्धा त्यांचा कॅमेरा तिथेच बघत राहिला. मी बाजूला झाले होते, तरी त्यांनी माझी जागा सोडली नव्हती. या घरात इतकी वर्षं काढून मला जे कळलं नव्हतं, ते त्या गवताकडे बघून कळलं.

"बोलवा मोबाइलवाल्याला, भाऊजी," आई म्हणाल्या. "शब्द दिला होता मी."

पदराची गाठ सोडावी इतक्या सहज त्यांनी ते म्हटलं. खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे पडलेले मला दिसले.

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी भिंग परत घेतलं आणि पुन्हा वाकले. "वहिनी, तळं कुणाला दाखवायचंय?" त्यांनी न वळता विचारलं.

"म्हणजे?"

"त्या हंसांनी माझा जन्म खाल्ला. फोटो हातात दिला की लोक आधी हंस बघायचे, मग हसायचे, आणि मग स्वतःला शोधायचे. तुमच्या या तळ्यात बघायला दुसरं काही नाहीच. इथं जो उभा राहील तोच दिसणार." त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. "हा छापायला टाकतो मी. त्या मोबाइलवाल्याला काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं."

आईंनी मान वर केली. "भाऊजी, पैज तुम्ही जिंकलायत."

"असू दे की! चाळीस वर्षं तुमच्या फिल्म धुतोय. चांगलं काय, वाईट काय, ते तरी मला ठरवू द्या."

पडदा आला, टांगला. आईंनी काकांनाच आधी पुढे ओढलं. "मी कशाला? मी आतला माणूस," म्हणत ते अवघडून उभे राहिले. फोटो निघाला आणि त्यात काकांचे डोळे मिटलेले आले. मागे मऊ निळसर पाणी, आणि पुढे काका, डोक्यावरच्या चार केसांसकट लख्ख.

"दुसरा काढा," काका ओशाळून म्हणाले.

"अजिबात नाही," आई म्हणाल्या आणि तोच मोठा करून त्यांनी दर्शनी काचेत लावला. आता रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि विचारतो, हे कोण हो, इतके दिवस दिसले नाहीत कधी?