कामरगावजवळ विस्तवाने निवडलेली व्हिस्की

चांगली व्हिस्की कशी निवडावी, यावर मी या ब्लॉगवर तुमचं बरंच डोकं खाल्लं आहे. या खेपेला दोन बाटल्या घेऊन वाशीम जिल्ह्यात गेलो आणि माझीच बोलती बंद झाली.

माझा मित्र गजू कामरगावजवळच्या खेड्यातला. त्याचे वडील, नाना, एके काळी भरपूर प्यायचे. काकूंनी, म्हणजे गजूच्या आईने, त्यांना पोहरादेवीला नेऊन देवीपुढे शपथ घ्यायला लावली आणि नानांनी ती मरेपर्यंत पाळली. मला मात्र हसत म्हणायचे, "बाबू, मेल्यावर मले इलायती पाजजो." गेल्या वर्षी ते गेले. यंदा अक्षय्य तृतीयेला त्यांचं पहिलं पितर जेवू घालायचं होतं. गजूचा फोन आला, "माय म्हन्ते, नानाची इलायती घेऊन ये."

कपाटापुढे मी अर्धा दिवस घालवला. जपानी फारच नाजूक, आयर्लंडची गुळचट. शेवटी स्कॉटलंडची, शेरी वाइनच्या पिंपात अठरा वर्षं मुरलेली काढली. मनुका आणि संत्र्याच्या सालीचा असा वास, की जीव ओवाळून टाकावा. स्वतःसाठी म्हणून एक धुरकट, पाणी न मिसळता थेट पिंपातून भरलेली जहाल बाटलीही घेतली.

पुण्याहून पहाटे निघा. जालन्यापासून समृद्धी महामार्ग आहे. टोल जबर, पण कारंजापर्यंत गाडी सुसाट जाते. वाटेत खाण्याची सोय बेताची, डबा न्याच. उन्हाळ्यात बाटल्या ओल्या पंच्यात गुंडाळा आणि दारूचा परवाना जवळ ठेवा. कारंजात गरम आलुबोंडे खाल्ले, बाकी जेवण काकूंकडे होतं.

अंगणात गोवऱ्यांचा विस्तव पेटवला होता. पुरणपोळीचा घास पडला, तूप पडलं. त्यांच्या घरची रीत अशी, की शेवटी गेलेल्याची आवडती वस्तू टाकायची. ज्योत भडकली तर पितर तृप्त, विझली तर रुसलेलं. हे मला गजूने तिथे उभ्याउभ्याच सांगितलं.

काकूंनी माझ्या लाडक्या बाटलीतून पळीभर घेतली आणि विस्तवावर सोडली. चर्र झालं. होती ती ज्योतही विझली. नुसता धूर.

"म्हनत व्हती ना मी," नानांची बहीण, आत्याबाई, म्हणाली, "तहानलेलाच गेला माहा भाऊ."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "राग गेला नाई त्याहीचा. म्या तोडली ना त्याहीची दारू."

मी हादरलो. त्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ती पेटणार कशी? माझ्या शौकापायी ही बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसणार होती. सांगायला तोंड उघडलं, पण आत्याबाईंपुढे टक्केवारी काढून काय उपयोग? मी गाडीकडे धावलो, ती जहाल बाटली आणली आणि चक्क खोटं बोललो, "काकू, चुकलो. नानांची ही होती."

गजूने फुंकर घालून ज्योत परत आणली. काकूंनी घाईने पळी भरली, थोडी जमिनीवर सांडली. उरलेली पडली आणि हातभर जाळ भस्सकन वर आला. मी दोन पावलं मागे सरलो.

"घेतली रे दादानं," आत्याबाई हात जोडून म्हणाली. काकू पदरात तोंड घालून रडल्या. नंतर त्यांनीच मला आग्रह करून पाच पोळ्या वाढल्या.

निघताना अठरा वर्षांची बाटली त्यांनी परत दिली. "घेऊन जा. त्याहीले नाई आवडली." दुसरी ठेवून घेतली.

पुण्यात मित्र त्या परत आलेल्या बाटलीवर टपून बसले आहेत. मला ओतवत नाही. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला, नीट पोचलास का विचारायला. मग म्हणाल्या, "बाबू, माह्या माहेरी मोहाची दारू गाळत. पानी मिसळलेली पेटत नाई, हे मले लहानपनापासून मालूम हाय."

मी थक्क झालो. "मग काकू, पहिली विझली तेव्हा एवढ्या का घाबरलात?"



"मालूम असलं म्हनून भेव थोडीच जाते? तू गाडीकडं पळाला, तवा माह्या जिवात जीव आला."