माझा मत

"पुसायचा नाय. पटत नसल तं बाजूला लिव."

मावशीचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, तो मोखाड्याच्या स्टँडवर चहा प्यायलाच नाही, असं खुशाल समजा. नव्वदच्या दशकात तुम्ही जव्हारच्या एसटीतून तिथं उतरला असाल, तर समोर तिची टपरी दिसली असेल आणि टपरीच्या कुडाला टांगलेला काळा फळाही. फळ्याला सुतळीनं खडू बांधलेला. डस्टर नव्हतं. कुणी मागितलं तर वरचं वाक्य मिळायचं.

मी तेव्हा जव्हारहून रोज मोखाड्याच्या एका कचेरीत कारकुनी करायला जायची. कामांची यादी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा माझा नेम. फळा वाचणं हे काम यादीत कधी लिहिलं नाही. पण ते कधी राहिलंही नाही.

पेपर दुपारच्या गाडीनं यायचा. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. गर्दी ओसरली की पेपर मांडीवर पसरून, ओठ हलवत वाचायची. मग उठून फळ्यावर वरती बातमी लिहायची आणि खाली 'माझा मत'. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं फिरवायची तीच. तोपर्यंत लिहिलेलं कुणी पुसायचं नाही.

बजेट आलं. मावशीनं लिहिलं, 'फ्रीज स्वस्त, रॉकेल महाग. माझा मत: फ्रीजवर चहा उकळून दाखवा.' पेपरात मोठ्या अक्षरात शेअर बाजार पडल्याचं आलं, तर तिनं विचारलं, 'कोणाला लागला का?' बाजाराच्या दिवशी ताडपत्री बांधून पिक्चर दाखवायचे, त्यावरही मत असे. 'बाई बर्फात पातळ साडीत नाचते, बाप्याच्या अंगात कोट. माझा मत: कोट कोणाला पायजे होता?' एका जीप ड्रायव्हरनं शेजारी लिहिलं, 'पिक्चर एक नंबर.' मावशी त्याच्यावर खूश. "बघ, लिवला ना बाजूला. आता तुझा तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी."

दोन हजार साल उजाडताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हूल उठली होती. आमच्या कचेरीत त्याची फार चर्चा. मावशीचं मत: 'आमच्याकडं लाइटच नाय. आम्ही वाचलो.'

"बाईमाणसाला यातलं काय कळतं गं?" एकानं बाकावरून टोमणा मारला.

"कळत नाय," मावशी चहा गाळत म्हणाली. "पण मत हाय."

शाळेतले एक गुरुजी मात्र वेगळ्याच कारणानं हैराण. सूर्यमाळच्या शाळेवर होते, मोखाड्यात राहायचे. व्याकरणाचे पक्के. शेवटी एके दिवशी त्यांना राहवेना.

"मावशी, 'माझा मत' नाही. 'माझं मत' लिहा. मत हा शब्द नपुंसकलिंगी आहे."

मावशीनं किटली खाली ठेवली. "तुमचा असल, गुरुजी. माझा नाय."

सगळा स्टँड हसला. गुरुजींचे कान लाल झाले. पण चहा सोडला नाही त्यांनी, आणि रोज फळ्याकडे बघून 'चुक' असा आवाज काढणंही सोडलं नाही.

हे सगळं गमतीत चाललं होतं, कारण मतं दूरच्या गोष्टींवर होती. मग एक दिवस बातमी जवळची आली. सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर मावशीचं माहेर. त्या पाड्याचा रस्ता डांबरी झाला, असं पेपरात छापून आलं. त्याच आठवड्यात मावशीच्या भावजयीचे दिवस भरले म्हणून तिला झोळीत घालून जीपपर्यंत खाली आणलं होतं. पोर वाटेतच दगडावर झालं. दोघं वाचली, हे नशीब.

त्या दिवशी मावशीनं पेपर पुन्हा पुन्हा वाचला. मग लिहिलं: 'पेपर म्हणतो रस्ता झाला. माझा मत: छापणाऱ्यानं त्या रस्त्यानं झोळी उचलून दाखवावी.'

हसलं कुणीच नाही. रस्त्याचा ठेकेदार गावातलाच. स्टँडवर कुणाची टपरी राहायची आणि कुणाची नाही, हे त्याच्या शब्दावर ठरायचं. संध्याकाळी तो आला. मी परतीच्या गाडीची वाट बघत उभी होते.

"मावशी, पूस ते."

"पुसायचा नाय, शेठ. पटत नसल तं बाजूला लिव. खडू हाय."

"मी काय शाळेत आलोय लिहायला?"

"मंग चहा पी."

"उद्या टपरी दिसायची नाही इथं."

"टपरी हालव," मावशी म्हणाली. "मत नाय हालायचा."

दुसऱ्या दिवशी मी उतरले तर टपरी होती, फळा नव्हता. कुडावर नुसते दोन खिळे. बाकावरची माणसं चहात बघत बसलेली. ठेकेदार स्वतः येऊन बसला होता, मावशीचं तोंड कसं झालंय ते बघायला. त्याची पांढरी जीप मागं उभी. ती नुकतीच त्या पाड्याकडून आलेली, मागची काच लाल धुळीनं झाकलेली.

मावशीनं त्याला चहा दिला. पदराला हात पुसला, जीपच्या मागं गेली आणि बोटानं काचेवर लिहिलं. परत येऊन भांडी विसळायला लागली. ठेकेदार कपबशी ठेवून उठला, जीप सुरू केली आणि जव्हारला निघून गेला.

संध्याकाळी मी जव्हारला उतरले, तर बाजारात ती जीप उभी आणि मागं माणसांचा घोळका. काचेवर ठळक अक्षरं होती: 'रस्ता झाला. माझा मत: मंग ही धूळ कुठली?' दिवसभर तो माणूस हे मत घेऊन जव्हारभर फिरला होता, कचेऱ्यांच्या दारातसुद्धा!

टपरी त्याच आठवड्यात उठवली. मावशीनं स्टोव्ह आणि किटली उचलली आणि समोरच्या जांभळाखाली मांडली. फळा नाही, तर नाही. मोखाड्याला येणाऱ्या जीपांना धुळीची कमी नव्हती. ड्रायव्हर मागची काच धुवायचे बंद झाले. "मावशी, आज माझ्या गाडीला काय?" असं विचारत चहाला थांबायचे. पूर्वी मत टपरीपुरतं होतं. आता ते खोडाळ्याला, जव्हारला, लांब त्र्यंबकपर्यंत जायला लागलं. ठेकेदारही काही दिवसांनी जांभळाखाली चहाला यायला लागला. जीप मात्र लांब उभी करायचा, पाठ भिंतीला लावून.

तिची सगळीच मतं बरोबर निघाली असं नाही. मोबाईल आला तेव्हा तिनं लिहिलं, 'हा खूळ टिकायचा नाय. डोंगरावर उभा राहून कोण बोलल?' पुढं लोक रेंजसाठी खरंच डोंगरावर उभे राहून बोलायला लागले. मग दुसऱ्या एका जीपवर दिसलं: 'मोबाईलचा मत चुकला. माझाच होता.'

त्या पाड्याच्या रस्त्यावर शेवटी डांबर पडलं. पहिली जीप स्वच्छ काचेनं आली. मावशीनं काचेवरून बोट फिरवलं, कोरडंच निघालं. "घ्या! आता लिवायचा कशावर?" म्हणाली, आणि किती वेळ हसत राहिली.

ती चैत्रात गेली. पुढच्या बाजाराला मी उतरले तेव्हा जांभळाखाली विटांवर काजळी तेवढी होती. माणसं सवयीनं तिथंच उभी, हातात काही नाही. दुसऱ्या कुठल्याशा पाड्याची जीप आली, लाल होऊन. ड्रायव्हर उतरला, मागं गेला, काचेकडे बघत राहिला. बोट लावायची हिंमत त्याला होईना.

गुरुजी पुढं झाले. निवृत्त झाले होते तोवर. चष्मा वर सारला, बाही वर केली आणि फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात बोटानं लिहिलं:

'माझा मत: पुसायचा नाय.'

"गुरुजी," मी म्हटलं, "व्याकरण?"

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. लाल झालेलं बोट त्यांनी पुसलं नाही.

जीप भरली आणि जव्हारच्या रस्त्याला लागली.