सब्जा मॅडम

नवीन विद्यार्थी आले की आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी शहागंजातून सगळ्यांना फालुदा मागवायच्या आणि पिऊ द्यायच्या नाहीत. ग्लास समोर ठेवून विचारायच्या, "सब्जा का फुगला?" उत्तर येईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं. फार्मसी कॉलेजात त्यांना सगळे सब्जा मॅडमच म्हणत. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं.

त्यांचं संशोधनही सब्जासारख्याच मण्यांचं. औषध भरलेला जेलचा मणी पोटातल्या आम्लात मिटून राहायला हवा आणि पुढे आतड्यात गेला की फुगून त्यानं औषध सोडायला हवं. सिरिंजमधून एकेक थेंब पाडून आम्ही हे मणी करायचो. लहानमोठे झाले की मॅडम अख्खी बॅच बेसिनमध्ये ओतायच्या. "हात स्थिर नाय तर घरी जा. घरून भांडून आलेल्यानं मणी पाडू नये." त्यांचे स्वतःचे मणी मात्र एकसारखे पडत. आम्हाला त्याचा थोडा रागच यायचा.

या सगळ्यामागे त्यांची आई होती, हे पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, सिल्लोडकडच्या, गुडघ्यांनी बेजार. दुखण्याची गोळी पोटाला बाधू नये म्हणून तिच्यावर वेष्टन असतं. आजी ती कडाकडा चावून खायच्या. "आख्खी गिळली की नरड्यात अडकती," म्हणायच्या. मग दिवसभर पोट धरून बसायच्या. म्हणून मॅडमना चमचाभर ताकातून सहज उतरतील असे मणी हवे होते. फालुद्यातून द्या की, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "दुधात उघडतील ना, येडे! ताक आंबट, त्यात गप पडून राहतील."

शेवटी मणी जमले. काचेच्या भांड्यात आम्लात मिटून राहिले, आतड्यातल्यासारख्या द्रवात उघडले. आजींना कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग दे की मला."

"आई, आधी जनावरांवर तपासायचं, मग माणसांवर. परवानग्या लागतात."

"व्हय? मग मी कशात मोडती?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत, आणि त्यांनी मणीही दिले नाहीत.

वर्षभरात आजींच्या पोटात रक्तस्राव झाला आणि त्या गेल्या. मॅडम कामावर परतल्या त्या दिवशी मी न राहवून विचारलं, "मणी दिले असते तर वाचल्या असत्या का?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "माहीत नव्हतं म्हणूनच दिले नाहीत."

मग त्या सिरिंज घेऊन थेंब पाडायला बसल्या. बराच वेळ पाडत राहिल्या. भांड्यात मणी लहानमोठे पडले होते. मॅडमनी ते पाहिले, उठून अख्खी बॅच बेसिनमध्ये ओतली आणि घरी गेल्या.