साडूभाऊंची भिजवलेली माती

जमिनीवर राहून जमिनीवरच विश्वास नसलेला माणूस बघायचा असेल तर आमच्या साडूंना बघावं. लातूरच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की पूजा सोडून परसात ढेकूळ फोडणार, चिमूटभर माती दाढेखाली धरणार आणि यजमानाला ऐकू जाईल असं म्हणणार, "घर झकास हाय. माती हरामखोर हाय." त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, कपाळाला हात लावायची. पण या माणसाची आई किल्लारीत भूकंपाच्या ढिगाऱ्याखाली गेली, हे ठाऊक असल्यानं आम्ही हसू गिळायचो.

गावाबाहेर होऊ घातलेल्या विमानतळाच्या धावपट्टीखालची माती तपासायला आली, तेव्हा तर त्यांच्या अंगातच आलं. पितळी डबीच्या एकावर एक बसवलेल्या दोन चौकटींत माती भरायची, वरून वजन ठेवायचं, एक चौकट हळूहळू सरकवायची आणि माती मधोमध कधी निसटते ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्याआधी मात्र ती चार दिवस पाण्यात. "मास्तर," मला म्हणाले, "विमानानं ब्रेक मारला की खालची माती आडवी वढली जाती. उन्हाळ्यात काळी माती कुणाचं बी ऐकती, भिजल्यावर तिचं खरं कळतंय." कोरडी माती पास झाली, भिजवलेली सटकली. साहेब म्हणाले, कोरडीचाच आकडा लिहा. साडूभाऊंनी सही केली नाही. दुसऱ्यानं केली, आणि साडूभाऊ आवक-जावकच्या टेबलावर. घ्या! दाढेखाली माती धरणारा माणूस पाकिटांना तिकिटं चिकटवत बसला.

गेल्या पावसाळ्यात त्यांची लेक, पुण्यात नर्स असते ती, पहिल्यांदाच विमानानं यायला निघाली. "एसटीनं ये गं माय," त्यांनी दहादा विनवलं. ती फोनवर हसली, "बाबा, पुरे आता तुमची माती!" चार दिवस झड लागलेली. तिला घ्यायला विमानतळावर मी सोबत गेलो. साडूभाऊ कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभे. विमान ढगांतून खाली आलं तसे डोळे मिटून पुटपुटू लागले. मी कान दिला. आपल्या आकड्यासाठी खुर्ची गमावलेला हा माणूस म्हणत होता, "देवा, मला खोटं पाड. लई खोटं पाड."

चाकं टेकली, पाणी उडालं, विमान सरळ धावत जाऊन थांबलं. मी त्यांना मिठीच मारली. "चुकलात की हो साडूभाऊ!"

"हाव," ते रडत रडत म्हणाले, "आज चुकलो."

लेक सुखरूप परत गेली, त्यालाही आता वर्ष होईल. पण झड लागली की साडूभाऊ अजून त्या कुंपणाशी जाऊन उभे राहतात. विमानात त्यांच्या ओळखीचं कुणीही नसतं.